भुसा, कोंडा, कनकी, राख

सकाळचे नऊ वाजलेत. वैनगंगेच्या पुलावर ट्रक रखडत सरकतायत. मार्च अर्धा उलटलाय. पाणी पात्राच्या एका कडेला गेलंय, बाकी सगळी वाळू. वाळूतल्या डबक्यात म्हशी बसल्यात. मध्य प्रदेशातलं बालाघाट शहर मागे राहिलंय, वारासिवनी पुढे आहे. मधे गर्रा, तांदळाच्या गिरण्यांचं गाव. ऊन अजून अंगावर आलेलं नाही, पण डांबर तापायला लागलंय.

ट्रक दोन जातींचे. एक दबलेले, पाटे सपाट झालेले, चढावर कण्हणारे. त्यांत धान. दुसरे उंचच उंच, बाजूंना फळ्या लावून वाढवलेले, वर जाळी आणि ताडपत्री ताणलेली, वळणावर डुलणारे. त्यांत भुसा. सुटा भुसा एक घनमीटर भरला तरी वजन शंभर-सव्वाशे किलोच्या पुढे क्वचितच जातं. म्हणून ट्रक वजनानं भरण्याआधी आकारानं भरतो. जाळीच्या भोकांतून तो सांडत राहतो. पुलाच्या कठड्याशी, रस्त्याच्या कडेला, दुचाकीवाल्यांच्या डोळ्यांत. पिवळा, टोचरा, होडीच्या आकाराचा एकेक कण. पुढच्या मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पदरानं तोंड झाकते आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारते. तो ट्रकला मागे टाकतो.

गर्र्यात शिरलं की आधी आवाज येतो. एक सलग घरघर. तिच्यात मधूनमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका. एक गिरणी थांबली तरी दुसरी चालू असतेच.

फाटकाशी रांग आहे. धर्मकाट्यावर एक ट्रक, त्याच्या मागे ट्रक, त्यांच्या मागे ट्रॅक्टर. क्लीनर पोरं करंजाच्या सावलीत पत्ते खेळतायत. एक ड्रायव्हर ट्रकखाली चटई टाकून झोपलाय. त्याचा नंबर दुपारनंतरच येणार आहे आणि ते त्याला माहीत आहे. काट्याच्या खोलीत मुनीमजी. काचेला अर्धगोल भोक. भोकातून पर्च्या आत जातात, पर्च्या बाहेर येतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, पोत्यांची संख्या, ओल. एक पोरगा टोकदार नळी पोत्यात खुपसून मूठभर धान काढतो, यंत्राच्या वाटीत ओततो, आकडा ओरडून सांगतो. १७ च्या आत असला की पुढे. वर गेला की वाद.

हे धान सरकारचं आहे. खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांकडून हमीभावानं घेतलेलं. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. गिरणीनं ते भरडायचं आणि तांदूळ सरकारला परत करायचा. १०० क्विंटल धानामागे अरवा, म्हणजे कच्चाच भरडलेला, असेल तर ६७ क्विंटल, उसना, म्हणजे वाफवून भरडलेला, असेल तर ६८. आणि या भरडाईचा केंद्राचा दर? अरव्याला क्विंटलमागे १० रुपये, उसन्याला २०. राज्य त्यावर आपली भर घालतं, तरी मूळ आकडा वाचून नवखा माणूस चक्रावतो. दहा रुपयांत इथल्या टपरीवर चहा येतो, सोबत समोसा येत नाही.

तरी गिरण्या चालतायत. त्याचं कारण फाटकाच्या आत आहे.

आत अंधार वाटतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे जुळायला वेळ लागतो. मग पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे पट्टे दिसतात आणि पट्ट्यांत तरंगणारी धूळ. जिना लोखंडी, हाताला थरथर लागते. खाली खड्ड्यात हमाल पोती रिकामी करतायत. पोतं पाठीवर, दोन पावलं, गाठ सुटते, धान सळसळत खाली. रिकामं पोतं डाव्या हाताला फेकलं जातं. फेकणाऱ्याकडे बघायला कोणाला वेळ नाही, पण त्या पोत्यांचा ढीग व्यवस्थित वाढतो आहे. त्याच्याकडे नंतर यायचं आहे.

मिस्त्रीच्या नाकाला दुपट्टा बांधलेला. भुवयांवर पांढरी पूड. तो बोलत नाही, ओरडतो. इथे सगळे ओरडूनच बोलतात.

"हात पुढं करा जी."

माझ्या तळहातावर तो चार ठिकाणचं आणून ठेवतो. धान. सोललेला, तांबूस तांदूळ. पॉलिश झालेला पांढरा. आणि चिमूटभर कोंडा, बोटांना चिकटणारा, किंचित तेलकट. सोलणी होते दोन रबरी रोलांच्या मधे. दोन्ही उलट दिशांना, वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मधून जाणाऱ्या दाण्याचं टरफल ओरबाडलं जातं. टरफल हलकं, ते पंख्याच्या वाऱ्यावर उडतं आणि जाड नळीतून थेट मागच्या कोठीत जाऊन पडतं. तोच भुसा. १०० किलो धानातून २० ते २२ किलो. पुढे पॉलिशरमधे तांदळावरची तांबूस साल निघते, तो कोंडा, ५ ते ८ किलो. मग चाळण्या. तुटलेला दाणा वेगळा होतो, ती कनकी. सरकारी अरवा तांदळात पाव हिस्सा तुकडा चालत आला आहे. त्यापलीकडची कनकी, सगळा कोंडा, सगळा भुसा गिरणीचा.

दहा रुपयांचं कोडं इथे सुटतं. भरडाईची खरी मजुरी रोखीत मिळतच नाही, ती या नळ्यांतून, चाळण्यांतून पडते.

भिंतीलगत झिजलेले रबरी रोल रचून ठेवलेत. रबर जाऊन आतला धातू दिसतो. "हे कबाडीत?" मी विचारतो. मिस्त्री मान हलवतो. कबाडीत गेलं तर वजनाचा भाव. रोलवाल्याला परत दिलं तर तो ड्रमवर नवं रबर चढवतो आणि नव्या जोडीच्या किमतीत तेवढी सूट देतो. त्यामुळे हा ढीग कोणी उचलून नेऊ नये म्हणून त्याला साखळी आणि कुलूप आहे. आख्ख्या गिरणीत कुलूपबंद अशी हीच एक वस्तू दिसते.

मागच्या अंगणात कोंड्याची गाडी भरते आहे, आणि तिथे घाई आहे. एवढा वेळ कोणी घाई करताना दिसलं नव्हतं. दोघं भरतायत, एक शिवतोय, ड्रायव्हर केबिनमधे बसूनच आहे. कोंड्याचा वास गोड. भाजलेल्या पिठासारखा नाही, कच्चा, ओलसर गोड. कोपऱ्यात कालचं एक पोतं राहून गेलंय. त्याच्याजवळ गेलं की नाक मागे येतं. खवट.

घाईचं कारण त्या पोत्यात आहे. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं, आणि त्या तेलाला नासवणारं विकरही कोंड्यातच असतं. दाण्यावर असेपर्यंत दोघं वेगळी. पॉलिशरनं साल काढली की एकत्र येतात. तेव्हापासून तासातासाला तेलातली आम्लता चढते. तेल काढणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर प्रयोगशाळेचा माणूस नमुना घेतो आणि आम्लतेवर भाव कापतो. आज निघालेला कोंडा उद्यापर्यंत पोचला तर खायचं तेल. तीन-चार दिवस लोळला तर साबणवाल्याकडे किंवा गोठ्यात. उसन्या धानाचा कोंडा मात्र दमदार. तो आधीच वाफेतून गेलेला असतो, विकर मेलेलं असतं, तेलही जास्त निघतं. त्याचा भाव वेगळा.

तेल निघाल्यावर उरतो तो चोथा जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. मग दूध, शेण, शेणखत, पुन्हा धानाचा बांध. कागदावर हे वर्तुळ फार सुबक दिसतं. मुनीमजी दुसरी गोष्ट सांगतात. जुलै २०२३ मधे तेल काढलेल्या कोंड्याची निर्यात सरकारनं बंद केली. पशुखाद्य महागलं होतं म्हणून. चोथ्याचा भाव पडला तसा कारखानदारांनी कोंड्याचा भाव पाडला. बंदी उठली ऑक्टोबर २०२५ मधे. मधली दोन वर्षं मुनीमजींच्या वहीत आहेत. ते वही उघडत नाहीत, फक्त तिच्यावर हात ठेवतात.

"दिल्लीत एक कागद निघतो जी, अन् इथं कोंड्याचं पोतं हलत नाही."

कनकीला असं दुखणं कमी. तिला तोंडं फार. कोंबड्यांच्या खाद्याला, पोह्या-पिठाच्या धंद्याला, इथेनॉलच्या कारखान्यांना. सप्टेंबर २०२२ मधे तिचीही निर्यात थांबवली होती, ती मार्च २०२५ मधे खुली झाली. पण बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यात कनकी घरातही शिजते. अंगणातल्या हमालाचा डबा उघडा आहे. कनकीचा भात, वर लाखोरीची डाळ, कांदा. तो खात खातच सांगतो की सबंध तांदळाच्या भातानं दुपारपर्यंत पोट टिकत नाही. हे शास्त्र कोणत्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. तो मात्र ठाम आहे.

आता बारदाना.

खुल्या शेडमधे नऊ-दहा बाया बसल्यात. पाय पसरून, एका पायाखाली पोत्याचा कोपरा दाबून. ढीग डावीकडे, तयार माल उजवीकडे. मधे दाभण आणि सुतळी. इथे मिलची घरघर भिंतीपलीकडे राहते आणि माणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. बोलणं पोवारीत चाललंय, अर्धं समजतं. कोणाच्या तरी लेकीच्या लग्नाबद्दल आहे. माझ्याशी बोलताना त्या मराठी आणि हिंदी मिसळतात.

नव्या तागाच्या पोत्याचं वजन ५८० ग्रॅम. तांदूळ ५० किलो मावतो, धान ४० किलो भरतात. १९८७ च्या कायद्यानं अन्नधान्यासाठी तागाचंच पोतं ठरवून दिलंय, तरी हंगामात ताग पुरत नाही. बंगालच्या गिरण्यांतून गाठी येईपर्यंत खरेदी केंद्रावर धान उघड्यावर पडतं आणि पावसाचा एखादा शिडकावा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवतो. मग एकदा वापरलेलं पोतं सोन्याचं होतं. रेशन दुकानातून रिकामं झालेलं, गिरणीत रिकामं झालेलं. ते गोळा होतं, झटकलं जातं, उलटं होतं, तपासलं जातं.

तपासणं कसं, ते एक म्हातारी दाखवते. पोतं ती दोन्ही हातांनी वर धरते, उजेडाकडे. तोंड आत घालून बघते. जिथून ऊन येतं तिथे भोक. बोट जाईल एवढं भोक असेल तर दोन टाके. मूठ जाईल एवढं असेल तर ठिगळ. त्याहून मोठं असेल तर ते पोतं आता पोतं राहिलं नाही, ते दुसऱ्या पोत्यांचं ठिगळ झालं. ती कात्रीनं त्याच्या शिवणी उसवते. शिवणीची सुतळीसुद्धा फेकत नाही. बोटाला गुंडाळून गाठोड्यात टाकते.

"ही घरी," ती म्हणते. "वेल बांधायला."

ठिगळ बसवताना ती धागा आधी आडवा भरते, मग त्याच्यात उभा विणते. नुसतं वरून शिवलं तर हमालाचा हूक लागला की पहिल्या फेरीत फाटतं. विणलेलं टिकतं. दाभण बोटावरून फिरते तेव्हा तर्जनीवर रबराची नळी दिसते, सायकलच्या ट्यूबची कापलेली. अंगुस्तान म्हणून. मजुरी नगावर आहे. म्हणून हात थांबत नाहीत, बोलणंही थांबत नाही. मुकादम दर तासाला मोजून जातो आणि खडूनं खांबावर रेघा मारतो. एका बाईचं त्याच्या रेघांवर समाधान नसतं. ती तिच्या बाजूला स्वतःच्या खड्यांचा हिशेब ठेवते आहे. प्रत्येक दहा पोत्यांना एक खडा.

पोत्यांच्या अंगावर छाप आहेत. वर्ष, राज्य, केंद्राचा नंबर, गिरणीचा नंबर. एका पोत्यावर तीन हंगामांचे छाप एकमेकांवर चढलेत, निळा, लाल, काळा. ते चौथ्यांदा जाणार नाही, म्हातारी ते बाजूला टाकते. तसल्या पोत्यांना शहरात गिऱ्हाईक आहे. बांधकामावर ओल्या स्लॅबला पांघरायला, उन्हाळ्यात पाण्याच्या माठाखाली, बर्फवाल्याच्या लादीवर, आणि शेवटी पोतेरं म्हणून दाराशी. प्लास्टिकच्या पोत्याला एवढी आयुष्यं नाहीत. एका हंगामात उन्हानं ते पिंजतं, त्याचे पांढरे तंतू शेडच्या कुंपणाला लटकलेत आणि वाऱ्यावर हलतायत. त्यांना उचलायला कोणी येत नाही. कबाडीवालाही हात लावत नाही, त्यात माती फार.

बारा वाजतात. भोंगा नाही, पण बाया उठतात.

टपरीवर गर्दी. टपरीवालीची शेगडी बघण्यासारखी आहे. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, बुडाशी हाताएवढं भोक. डब्याच्या मधोमध तिनं बाटली उभी ठेवलीय, बुडातल्या भोकापाशी एक आडवा दांडा. भोवती भुसा ओतते, मुठीनं ठासते, पुन्हा ओतते, पुन्हा ठासते. काठोकाठ झाल्यावर बाटली फिरवत फिरवत वर ओढते, दांडा बाहेर. आत एक सरळ विहीर तयार होते. खालून काडी लावली की ज्योत विहिरीतून वर येते आणि भुसा आतल्या बाजूनं कडेकडेनं जळत जातो. एक डबा ठासला की दुपारचा चहा पार पडतो. सिलिंडर तिच्याकडे आहे, मागे झाकून ठेवलेला. तो पावसाळ्यासाठी, म्हणते. भुसा ओला झाला की नुसता धूर. धूर आत्ताही कमी नाही. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल आहेत.

समोरच्या बाजूला मुरमुऱ्याची भट्टी. तिथेही भुसाच. कढईत वाळू लाल तापलेली, उसना तांदूळ पडतो, क्षणात फुलतो, झाऱ्यानं चाळून बाहेर. पोरगं घामानं निथळतंय. कढईजवळ दोन मिनिटं उभं राहवत नाही.

आणि आता उसन्या गिरणीत. इथे दुपारी येऊ नये. पण दुपारीच येऊन बघायला हवं.

उंच लोखंडी टाक्या. त्यांत धान गरम पाण्यात भिजतं, मग वाफ सोडतात, मग वाळवणीच्या मनोऱ्यात गरम हवा. अरवा गिरणीत नुसती वीज लागते, इथे आग. बॉयलरच्या तोंडाशी फायरमन उभा. बनियन, खांद्यावर ओला पंचा. वरून भुसा पडत राहतो, फायरमन दांड्यानं तो पसरतो. झाकण उघडलं की पांढरा उजेड आणि चेहऱ्यावर तडाखा. किलोभर भुशात ३००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता, म्हणजे आपल्या देशी कोळशाच्या पाऊण पट. कोळसा दुरून विकत आणावा लागतो, भुसा स्वतःच्याच नळीतून येतो. धानाचं टरफल धानालाच शिजवतं. उरलेला भुसा विकला जातो. पुलावर डुलणारे ट्रक हेच. वीटभट्ट्यांकडे, कागदाच्या आणि तेलाच्या कारखान्यांच्या बॉयलरकडे, गोंदिया-नागपूरपर्यंत.

पलीकडच्या कोठीत वेगळ्या पोत्यांवर लाल अक्षरांत चिन्नोर लिहिलंय. बालाघाटचा सुगंधी तांदूळ, २०२१ मधे त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोत्याजवळ उभं राहिलं तरी वास येतो. त्याचा तांदूळ वेगळा, भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. भुसा मात्र त्याच नळीतून, त्याच कोठीत. बॉयलरला मानांकन कळत नाही.

बॉयलरच्या मागच्या अंगाला मी वळतो आणि पायाखालची जमीन मऊ होते.

राख. घोट्यापर्यंत. करडी-काळी, पिठाहून बारीक, वरची पापडी कडक आणि आत भुसभुशीत. १०० किलो भुसा जाळला की १७ ते २० किलो राख उरते. लाकडाची एवढी उरत नाही. भुशात वाळूचाच अंश भरलेला असतो. राखेचा ८५ ते ९० टक्के भाग सिलिका. म्हणून ती कुजत नाही, विरघळत नाही, जमिनीत लवकर मिसळत नाही. पाणी मारलं तर बसते, वाळली की उठते. वारा आला. शेडच्या मागून एक करडा पडदा उठतो आणि शेजारच्या घराच्या दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर जातो. घरातून एक बाई बाहेर येते, गिरणीकडे बघते, काही न बोलता कपडे काढून आत नेते. सवयीचं आहे.

राखेला उपयोग नाही असं नाही. पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूवर पांघरूण म्हणून ती पसरतात, उष्णता आत राहते. नीट तापमानाला जाळली तर सिमेंटमधे मिसळता येते, काँक्रीट चिवट होतं. पण नीट तापमान म्हणजे ७०० अंशांच्या आतबाहेर, जपून. त्याच्या वर गेलं की सिलिका स्फटिक होते आणि सिमेंटच्या कामाची राहत नाही. इथला फायरमन वाफेकडे बघतो. राखेच्या गुणाकडे बघायचा त्याला पगार नाही. त्यातून राख हलकी. पोलादाचे कारखाने दूर, आणि भाड्याचा खर्च मालाहून जास्त. गिऱ्हाईक उरतं ते जवळचं, वीटभट्टीवाला.

तो नदीच्या बाजूला आहे. चालत गेलं तर शेतांच्या बांधावरून. खरीप धानाची खुंटं काही बांध्यांत तशीच. हार्वेस्टरनं कापलेल्या बांधीत तणस अस्ताव्यस्त पडलेली, एका कोपऱ्यात काळा जळका पट्टा. हातानं कापलेल्या बांधीतली तणस मात्र केव्हाच घराच्या छपराशी रचली गेली, गाई-बैलांसाठी. कालव्याचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी धान हिरवंगार. महुआच्या झाडाखाली एक आजी आणि नातू फुलं वेचतायत, टोपलीत अर्धा थर.

भट्टीवर मातीचा ढीग. एक जण पायानं तुडवतोय, दुसरा भुसा उधळतोय. मातीत भुसा मिसळला की वीट वाळताना तडकत नाही, भाजताना आतूनही भाजते. साच्याला माती चिकटू नये म्हणून प्रत्येक विटेआधी साचा राखेत बुडवायचा. साचा राखेत, माती साच्यात, थाप, वरचं काढून टाकायचं, उलटा, वीट जमिनीवर. पुन्हा राखेत. जमिनीवरही राखेचाच थर, म्हणून ओली वीट उचलताना मोडत नाही. भट्टी रचताना विटांच्या थरांमधे भुसा, वर राखेचं पांघरूण. बाई साचा हापटते तो आवाज लयीत येतो. तिचे हात कोपरापर्यंत करडे.

राख किती घेता, मी विचारतो. भट्टीवाला हसतो.

"पैसे देऊन? एकबी नाही. ते आणून टाकतात. पावसाळ्यात आणतो म्हणाले तर मीच नको म्हणतो."

पावसाळ्यात भट्टी बंद असते. बॉयलर बंद नसतो.

परत येताना उसन्या गिरणीच्या भिंतीलगतची नाली ओलांडावी लागते. पाणी पिवळसर, कोमट, वर फेस. वास आंबलेल्या पेजेचा. भिजवणीचं पाणी आहे. टनभर धान भिजवायला हजार-बाराशे लिटर पाणी लागतं. धान त्यातलं काही पितं, बाकीचं स्टार्च आणि रंग घेऊन बाहेर येतं. गिरणीच्या आवारात प्रक्रियेच्या टाक्या आहेत. एकीत पाणी आहे, हवेचा पंखा चालू आहे, पलीकडे निवळलेलं पाणी भुशाची धूळ बसवायला नळीनं मारतायत. म्हणजे जमतं. पण पंख्याला वीज लागते, टाकीतला गाळ काढायला माणूस लागतो, आणि या दोन्हींचं बिल वसूल करून देणारं गिऱ्हाईक कोणी नाही. ज्या गिरणीत टाकीचा पंखा बंद असतो तिथली नाली ओढ्याला मिळते. ओढा वैनगंगेला. वैनगंगा पुढे गोंदिया-भंडाऱ्याच्या हद्दीवरून गोसीखुर्दच्या धरणात.

अर्थशास्त्राच्या वर्गात चक्रीय अर्थव्यवस्थेची आकृती काढतात तेव्हा बाण आपोआप गोल फिरतात. गर्र्यात प्रत्येक बाण ट्रकनं न्यावा लागतो आणि प्रत्येक वळणावर धर्मकाटा असतो. काट्यावर ज्याला भाव मिळतो ते पुढे जातं. भुसा जातो, कोंडा धावतपळत जातो, कनकी जाते, फाटकं पोतं जातं, झिजलेला रोल कुलपातून सुटून जातो. त्यासाठी इथे कोणाला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही, कोणी फलक लावला नाही. राख, पाणी आणि पिंजलेलं प्लास्टिक काट्यावर चढतच नाहीत.

पाच वाजलेत. फाटकाशी रांग पुन्हा तेवढीच. सकाळी ट्रकखाली झोपलेला ड्रायव्हर आता काट्यावर आहे, पर्चीसाठी हात भोकात घालून. मुनीमजी दिवसाची बेरीज करतायत. धान आवक, तांदूळ जावक, भुसा, कोंडा, कनकी, बारदाना चांगला, बारदाना दुरुस्त. रकाने आखीव. राखेचा रकाना आहे का, मी विचारतो. ते चष्म्यावरून बघतात. राख विकत नाही, मग लिहायची कशात?

भरडाईचा १० आणि २० रुपयांचा दर ठरवणाऱ्या हिशेबात भुशाची आणि कोंड्याची कमाई गृहीत धरलेली आहे. ती धरायला हरकत नाही, खरीच आहे. पण मग त्याच हिशेबात राख उचलण्याचा आणि पाणी निवळण्याचा खर्चही धरला पाहिजे, आणि टाकीचा पंखा चालू असल्याशिवाय पुढचं धान देऊ नये. सरकारच या गिरण्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या कोणी सांगून ते होणार नाही.